डी. फार्म की बी. फार्म? बारावीपासून रजिस्ट्रेशनपर्यंतची वाट

बारावीचा निकाल लागला की पुढचे दोन महिने माझ्या दुकानात औषधांइतकीच चौकशी प्रवेशाची होते. बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप पिशवीत टाकता टाकता एखादे काका हळूच विचारतात, "पोरीला बासष्ट टक्के पडलेत. फार्मसीला घालावं म्हणतोय. दोन वर्षांचं घेऊ की चार वर्षांचं?"

मी उलट विचारतो, "पोरीला करायचंय काय?"

काका गप्प होतात. घरात चर्चा झालेली असते ती मार्कांची, फीची आणि हॉस्टेलची. शिकून झाल्यावर पोरगी नेमकी कुठं उभी राहणार, हे कुणी बोललेलंच नसतं. आणि फार्मसीत सगळं तिथूनच ठरतं. म्हणून हा लेख मी उलट्या टोकाने सुरू करतोय: आधी काम, मग कोर्स, मग कॉलेज. महाराष्ट्रातल्या प्रवेशाची पद्धत डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, कारण तीच मला आतून माहीत आहे.

आधी ठरवा, उभं कुठं राहायचंय

आपल्याकडे फार्मसी म्हटलं की "मेडिकल टाकणं" एवढंच डोळ्यांसमोर येतं. तो एक रस्ता झाला. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं ४२ वं कलम सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं. त्यामुळे प्रत्येक दुकानाला एक रजिस्टर्ड फार्मासिस्ट लागतोच, आणि त्यासाठी डी. फार्म, म्हणजे दोन वर्षांचा डिप्लोमा, पुरतं. दुकानाला लागणारे दोन परवाने, फॉर्म २० आणि फॉर्म २१, अन्न व औषध प्रशासन देतं. जागा किमान १० चौरस मीटर हवी. स्वतःचं दुकान टाकायचं असेल तर चार वर्षं घालवायची गरज नाही, पण भांडवल लागतं, रोज बारा तास उभं राहायची तयारी लागते आणि गावात आधीच किती दुकानं आहेत हे मोजून यावं लागतं. दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करायची असेल, तर सुरुवातीचा पगार आधी विचारून घ्या. तो ऐकून अनेकांचा उत्साह मावळतो.

दुसरा रस्ता कंपनीचा. तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ, वाळूज, पलीकडे गोव्यात वेर्णा, या पट्ट्यांत गोळ्या, इंजेक्शनं आणि त्यांना लागणारी रसायनं बनतात. इथे प्रॉडक्शन, क्वालिटी कंट्रोल, क्वालिटी अ‍ॅशुरन्स असे विभाग असतात आणि इथे बी. फार्म, म्हणजे चार वर्षांची पदवी, लागतं. डी. फार्मवाल्यांना कंपनीत घेत नाहीत असं नाही, पण वरच्या पायऱ्या लवकर बंद होतात. एक गोष्ट कॉलेजात क्वचितच कुणी सांगतं: औषधनिर्मिती ज्याच्या देखरेखीखाली चालते तो माणूस अन्न व औषध प्रशासनाने मान्य केलेला असावा लागतो. फार्मसीच्या पदवीधराला त्यासाठी निर्मितीतला दीड वर्षाचा अनुभव पुरतो. साध्या बी. एस्सी. केमिस्ट्रीवाल्याला तीन वर्षं लागतात. कंपनीतले लोक याला "अ‍ॅप्रूव्हल घेणं" म्हणतात. टॅब्लेटचं अ‍ॅप्रूव्हल हातात असलेल्या माणसाचा पगार आणि भाव दोन्ही बदलतात. म्हणून प्रॉडक्शनमध्ये लागलात तर पहिल्या दोन वर्षांत नोकरी बदलायची घाई करू नका, आधी अ‍ॅप्रूव्हल काढून घ्या.

तिसरा सरकारी. जिल्हा परिषदेच्या आरोग्य केंद्रात जो "फार्मासिस्ट" असतो त्याचं पद औषध निर्माण अधिकारी. त्या जागेसाठी डी. फार्मवालाही चालतो, रजिस्ट्रेशन मात्र हवंच. औषध निरीक्षक व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी. त्या पदाला पदवी लागते, डिप्लोमा चालत नाही. परीक्षा एमपीएससी घेते. "आधी डी. फार्म करतो, मग ड्रग इन्स्पेक्टर होतो" असं म्हणणारी मुलं मला दर वर्षी भेटतात. मधली पायरी त्यांना कुणी सांगितलेलीच नसते.

चौथा हॉस्पिटलमधला, म्हणजे वॉर्डात डॉक्टरांच्या राऊंडला बरोबर जाऊन डोस, औषधांचे आपसातले परिणाम, साइड इफेक्ट बघणारा क्लिनिकल फार्मासिस्ट. यासाठी फार्म. डी. हा सहा वर्षांचा कोर्स आहे, पाच वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. आपल्याकडे तो २००८ मध्ये सुरू झाला. नावाआधी "डॉ." लागतं म्हणून घरचे खूश होतात. मी स्पष्टच सांगतो: मोठ्या शहरांतली मोठी हॉस्पिटलं सोडली तर या कामाच्या जागा अजून मोजक्या आहेत. परदेशी जायचंय, किंवा वॉर्डातलंच काम मनापासून आवडतं, त्यांनी जरूर करावं. एमबीबीएस हुकलं म्हणून करू नये.

याशिवाय पुण्या-मुंबईत फार्माकोव्हिजिलन्सच्या नोकऱ्या आहेत. जगभरातून आलेल्या साइड इफेक्टच्या तक्रारी वाचायच्या, नोंदवायच्या, वर्गवारी करायची. एसी ऑफिस, संगणक, भरपूर इंग्रजी वाचन. मुलींना कंपनीच्या शिफ्टपेक्षा हे बरं वाटतं. आणि एमआरशिप, म्हणजे कंपनीची औषधं डॉक्टरांना सांगत फिरणं, आहेच, पायाला चाकं लावून फिरणाऱ्यांसाठी.

ठरत नसेल तर एक करा. बारावीची परीक्षा संपल्यावर आठ दिवस ओळखीच्या मेडिकलमध्ये जाऊन बसा. पैसे मागू नका, फक्त रॅक लावा, एक्स्पायरी तपासा, चिठ्ठ्या वाचायचा प्रयत्न करा. आठ दिवसांत कंटाळा आला तर दुकान तुमचं नाही, एवढं तरी कळेल. फार्मसी तुमची नाही, असा अर्थ मात्र लगेच काढू नका.

अकरावी-बारावी: मॅथ्स की बायो?

दोन्ही चालतात. बारावी सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री आणि इंग्रजी हवं, बरोबर बायोलॉजी किंवा मॅथेमॅटिक्स यांपैकी एक. डी. फार्म, बी. फार्म, फार्म. डी. तिन्हींना हे लागू आहे. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना मात्र दार बंद आहे, कुणी काहीही सांगो.

मॅथ्स ग्रुपवाल्यांना भीती असते की शरीरशास्त्र कसं झेपणार. बी. फार्मच्या पहिल्या सेमिस्टरला त्यांच्यासाठी रेमेडियल बायोलॉजी असतं आणि बायोवाल्यांसाठी रेमेडियल मॅथ्स. ते निघून जातं. खरी गाठ पडते ती केमिस्ट्रीशी. चार वर्षांत ऑर्गॅनिक केमिस्ट्री तीन सेमिस्टर पाठ सोडत नाही, पुढे मेडिसिनल केमिस्ट्री आणखी तीन. बारावीत ऑर्गॅनिक ऑप्शनला टाकून आलेली मुलं दुसऱ्या सेमिस्टरला पहिली गटांगळी खातात. एखादा विषय नीट करायला वेळ असेल तर तो हाच करा.

प्रवेशाची दोन दारं

डी. फार्मचा प्रवेश बारावीच्या मार्कांवर होतो. वेगळी प्रवेश परीक्षा नाही. तंत्रशिक्षण संचालनालय केंद्रीय फेऱ्या घेतं, वार्षिक परीक्षा तंत्रशिक्षण मंडळ म्हणजे एमएसबीटीई घेतं.

बी. फार्मसाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. राज्य सीईटी कक्ष ती साधारण एप्रिल-मे महिन्यांत घेतो, पण फॉर्म हिवाळ्यातच निघतात. बारावीच्या प्रॅक्टिकलच्या गडबडीत फॉर्मची मुदत निघून गेली, अशी उदाहरणं दर वर्षी असतात. बायोच्या ग्रुपला फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५० आणि बायोलॉजी १०० असे एकूण २०० मार्क. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. सुमारे २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो आणि प्रश्न राज्य मंडळाच्या पुस्तकांना धरून येतात. नीटचे जाडजूड ठोकळे विकत घेण्याआधी बालभारतीचं पुस्तक ओळीओळीने वाचा, तक्त्यांखालची बारीक अक्षरंसुद्धा.

सीईटीबरोबर बारावीची अटही आहे: तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव वर्गाला ४० टक्के. सीईटीला चांगलं पर्सेंटाइल आणि बारावीला ४३ टक्के, अशी खुल्या वर्गातली मुलं या अटीवर अडकतात. बारावीकडे दुर्लक्ष करून नुसत्या सीईटीच्या मागे लागू नये ते एवढ्यासाठी.

गोव्यातल्या मुलांसाठी प्रवेशाची प्रक्रिया वेगळी आहे. पणजीच्या गोवा कॉलेज ऑफ फार्मसीची मुळं थेट पोर्तुगीज काळात, १८४२ पर्यंत जातात. तिथली जागा मिळत असेल तर खासगी कॉलेजसाठी घाट चढून वर यायचं कारण नाही.

कागदपत्रं: इथे सगळ्यात जास्त जागा जातात

मार्क कमी पडून जागा गेली तर वाईट वाटतं. कागद नाही म्हणून गेली तर घरात वर्षभर भांडण चालतं. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

राखीव वर्गातून प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते आठ दिवसांत मिळणारी चीज नाही. अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करा आणि पावती जपून ठेवा. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी यांना नॉन-क्रीमीलेअरही लागतं. त्याच्या मुदतीची तारीख ३१ मार्च असते. गेल्या वर्षीचं काढून ठेवलेलं प्रमाणपत्र जुलैच्या प्रवेशाला चालेल असं धरून अनेक जण फसतात. एप्रिल उजाडला की प्रमाणपत्र काढून तारीख बघा. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल तर ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र हेही याच महिन्यात करून घ्या. निकालानंतर सेतू केंद्रात जी रांग लागते ती बघितली की माझं म्हणणं पटेल.

फीच्या बाबतीत तीन गोष्टी माहीत असू द्या. एक, प्रत्येक खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजच्या नावानिशी दिसते. ऑफिसात सांगितलेला आकडा आणि तो आकडा ताडून बघा. "डेव्हलपमेंटसाठी" म्हणून पावतीशिवाय मागितलेले पैसे महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानेच बेकायदा आहेत. दोन, महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज योजनेतून शिक्षण शुल्काचा निम्मा भार उतरतो आणि २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी वर्गांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घाईने जागा घेतली की हे सगळं हातचं जातं, आणि हे कॉलेजवाले आपणहून सांगत नाहीत.

तीन, टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीम. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुठल्याही जातीच्या मुलाला शिक्षण शुल्क माफ असलेल्या थोड्या जागा कॉलेजांत असतात. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायच्या ऑप्शन फॉर्ममध्ये त्यांचा कोड वेगळा असतो, शेवटी टी असलेला. तो वेगळा भरला नाही तर तुमचा विचारच होत नाही. एकाच कॉलेजचे दोन्ही कोड भरायचे, टीवाला वर आणि साधा खाली. इतकं सोपं आहे, तरी सुटतं.

कॉलेज कसं बघायचं

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे पीसीआयने, २०२०-२१ पासून पाच वर्षं नव्या कॉलेजांना बंदी घातली होती. कॉलेजं कोर्टात गेली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती बंदी टिकू दिली नाही. त्यानंतर आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात पाट्या लागल्या. काही संस्थांनी मनापासून काम केलं, काहींनी फक्त इमारतीला रंग दिला. फरक तुम्हालाच ओळखायचा आहे.

पहिली तपासणी घरबसल्या: पीसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी असते. त्यात कॉलेजचं नाव, कोर्स आणि चालू वर्ष तिन्ही दिसलं पाहिजे. कोर्स मान्य नसेल तर पदवी मिळूनही रजिस्ट्रेशन होत नाही, म्हणजे हातात कागद राहतो आणि काउंटरवर उभं राहायचा हक्क नाही. "मान्यता येतेय, प्रोसेसमध्ये आहे" या वाक्याला प्रवेशाच्या खिडकीवर काडीची किंमत देऊ नका.

दुसरी तपासणी प्रत्यक्ष. न कळवता, साध्या मंगळवारी सकाळी अकराला जा. मशीन रूम बघायला मागा. टॅब्लेट कॉम्प्रेशन मशीनच्या डायवर पावडरचे डाग दिसले तर चांगलं लक्षण, चकचकीत प्लॅस्टिक अजून गुंडाळलेलं असेल तर ओळखा. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये वास येतो का बघा. औषधी वनस्पतींची बाग प्रत्येक कॉलेजला ठेवावीच लागते. तिथे अडुळशाला पाणी कोण घालतं आणि पाटीवरचं झाड खरंच त्या पाटीमागे आहे का, एवढं बघितलं तरी संस्थेचा स्वभाव कळतो. ग्रंथालयात इंडियन फार्माकोपियाची, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथाची, कुठली आवृत्ती आहे ते विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर्गात मुलं आहेत का? "फी भरा, यायची गरज नाही, परीक्षेला या" असं सांगणारी कॉलेजं आहेत, परराज्यांतही आहेत. नियमाप्रमाणे डी. फार्मला ७५ आणि बी. फार्मला ८० टक्के हजेरी लागते. अशा कॉलेजातून आलेला मुलगा माझ्याकडे कामाला लागला होता. त्याला टीडीएस आणि बीडी या चिठ्ठीवरच्या खुणांतला फरक मीच पहिल्या आठवड्यात शिकवला. दिवसातून दोनदा द्यायचं औषध त्याने तीनदा सांगितलं असतं तर? तो प्रसंग आला नाही, पण त्या आठवड्यात मी काउंटर सोडला नाही.

नावाजलेल्या संस्थांची यादी सगळ्यांना पाठ असते: मुंबईची आयसीटी, जी १९३३ मध्ये यूडीसीटी म्हणून सुरू झाली, कालिन्याचं १९५७ चं बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी, पुण्याचं पूना कॉलेज, नागपूर विद्यापीठाचा विभाग. याशिवाय कराड, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय कॉलेजं. या शासकीय तिघांची फी खासगीच्या तुलनेत अगदी कमी आहे आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना तिथे आपल्यासारखीच मुलं भेटतात. माझा कल तिकडे आहे, लपवत नाही.

ऑप्शन फॉर्म भरताना गेल्या वर्षीच्या कट-ऑफच्या याद्या समोर ठेवा. आवडीचा क्रम लावा, मिळण्याच्या शक्यतेचा नको. मिळणारं कॉलेज वर टाकलं तर तेच मिळतं आणि पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं की जागा गोठते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. जिथे जायचंच नाही असं एकही नाव यादीत घालू नका. "भरून ठेवू, बघू नंतर" म्हणून घातलेलं नावच नेमकं लागतं.

आत गेल्यावर

डी. फार्मच्या पहिल्या वर्षी पाच विषय, दुसऱ्या वर्षी सहा. पास व्हायला ४० टक्के. त्यानंतर किमान तीन महिन्यांत ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग, आणि ते खरोखर करा. ओळखीच्या दुकानाचा शिक्का घेऊन मोकळं होणारे नंतर माझ्यासारख्याच्या दुकानात पुन्हा शून्यापासून शिकतात. २०२२ च्या नियमांनी डी. फार्मनंतर एक्झिट परीक्षाही आणली. तीन पेपर, सगळे वस्तुनिष्ठ प्रश्न, प्रत्येकात ५० टक्के. तुमच्या बॅचला ती कशी लागू आहे हे प्रवेश घेतानाच पीसीआयच्या परिपत्रकात वाचून ठेवा, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका. सीनियर त्याच्या बॅचचं सांगतो.

बी. फार्म आठ सेमिस्टरचं आहे आणि इथे पास व्हायला ५० टक्के लागतात, थिअरीत वेगळे, प्रॅक्टिकलमध्ये वेगळे. बारावीपर्यंत ३५ ची सवय झालेल्या मुलांना हा धक्का बसतो. पहिल्या वर्षी बॅकलॉग राहिले की ते सावलीसारखे मागे येतात. सहाव्या सेमिस्टरनंतर चार आठवड्यांचं, किमान १५० तासांचं ट्रेनिंग असतं. कंपनीत जायचं ठरलेलं असेल तर ते कंपनीतच करा, त्यासाठी पाचव्या सेमिस्टरपासून अर्ज सुरू करा. बॅच रेकॉर्ड कसा भरतात, चुकलेला आकडा एका रेघेने कसा खोडतात आणि बाजूला सही-तारीख का घालतात, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की क्वालिटी अ‍ॅशुरन्सचा अख्खा विषय सोपा होतो. मुलाखतीत एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, प्रश्न हमखास येतो. कॉलेजातलं मशीन कुलपात असेल तर ट्रेनिंगमध्ये हात लावून घ्या.

इंग्रजीबद्दल एक शब्द. सगळं शिक्षण इंग्रजीत आहे आणि पहिले सहा महिने डोक्यावरून जातं. प्रत्येक संज्ञेचा मराठी अर्थ वहीच्या समासात लिहा, लाज वाटू देऊ नका. मी लिहायचो. काउंटरवर शेवटी म्हातारीला मराठीतच सांगावं लागतं की ही गोळी जेवणाआधी घे आणि ही जेवणानंतर.

डी. फार्म करून बी. फार्मला जाणं

हा रस्ता फार लोकप्रिय आहे आणि अर्धवट समजलेला आहे. डी. फार्मला ४५ टक्के, राखीव वर्गाला ४० टक्के असतील तर बी. फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्यासाठी मंजूर जागांच्या १० टक्के जागा असतात, शिवाय रिकाम्या राहिलेल्या. दोन अधिक तीन, म्हणजे पाच वर्षं. सरळ गेलात तर चार. एक वर्ष जास्त जातं, बदल्यात दोन वर्षांनी रजिस्ट्रेशन हातात येतं आणि पुढची तीन वर्षं संध्याकाळी दुकानात काम करून स्वतःचा खर्च काढता येतो. घरची परिस्थिती बेताची असेल तर हा हिशेब चांगला आहे.

पण तिसऱ्या सेमिस्टरला समोर येतात ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचा दुसरा भाग, फिजिकल फार्मास्युटिक्स आणि फार्मास्युटिकल इंजिनिअरिंग. पहिला भाग बाकीच्यांनी दुसऱ्या सेमिस्टरला केलेला असतो, तुम्ही नाही. डी. फार्मला ४० टक्क्यांची सवय, इथे ५०. निकाल आणि प्रवेश यांच्यामधल्या सुट्टीत पहिल्या वर्षाची ऑर्गॅनिकची वही कुणाकडून तरी मिळवा आणि वाचून जा.

सीईटीला चांगला स्कोअर आलाय, तरी "आधी डिप्लोमा करू, सेफ आहे" म्हणणाऱ्यांना मी परतवून लावतो. त्यात सेफ काही नाही, एक वर्ष जातं.

पदवीनंतर

एम. फार्म दोन वर्षांचं. त्यासाठी जीपॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्या. १२५ प्रश्न, ५०० मार्क, इथे मात्र चुकीला मार्क कापतात. पास होऊन मान्यताप्राप्त कॉलेजात प्रवेश घेतला की दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, आणि हाच स्कोअर नायपर या केंद्र सरकारच्या औषधशास्त्र संस्थांच्या प्रवेश परीक्षेचं दार उघडतो. नायपर सात ठिकाणी आहेत, मोहालीपासून गुवाहाटीपर्यंत. महाराष्ट्रात नाही. शाखा निवडताना फार्मास्युटिक्स आणि क्वालिटी अ‍ॅशुरन्सला कंपनीत मागणी असते. फार्माकॉलॉजी संशोधन आणि शिकवणं यासाठी. नुसतं नावापुढे एम. फार्म लागावं म्हणून दोन वर्षं घालवण्यापेक्षा चांगल्या कंपनीतली दोन वर्षं जास्त शिकवतात.

अमेरिकेचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी हे बारावीतच वाचावं. जानेवारी २००३ पासून उत्तीर्ण झालेल्या परदेशी फार्मासिस्टला तिथल्या परीक्षेला बसायचं तर किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपलं बी. फार्म चार वर्षांचं आहे. वर एम. फार्म केलं तरी पाया चार वर्षांचाच राहतो. तिथे फार्म. डी. कामाला येतं. चार वर्षं शिकून झाल्यावर हे कळलेले लोक मी पाहिलेत.

रजिस्ट्रेशन, आणि ते भाड्याने मागणारे

डी. फार्म झालं की किंवा बी. फार्म झालं की महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी करा. कंपनीत जाणार असाल तरी करा, उद्याचं कुणी सांगावं. मुदतीत नूतनीकरणही करत राहा.

नंबर मिळाल्यावर महिन्याभरात फोन येईल. "नुसतं सर्टिफिकेट द्या, तुम्हाला यायची गरज नाही, महिन्याला इतके देतो." आपल्याकडे हा धंदा इतका उघड चालतो की घरचेही म्हणतात, घरबसल्या मिळतायत तर घे. तुमचं सर्टिफिकेट ज्या भिंतीवर टांगलंय, तिथे दहावी नापास मुलगा झोपेच्या गोळ्या विकत असेल तर परवान्यावर नाव तुमचं असतं. शेड्यूल एच-वनच्या, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या, रजिस्टरवर सही तुमची अपेक्षित असते. इन्स्पेक्शनला तुम्ही हजर नसलात की कारवाईत तुमचं नाव येतं. मला स्वतःला दोन वेळा विचारलं गेलं. दुसऱ्या वेळी पैशांची गरजही होती. नाही म्हणालो, आणि त्याच माणसाने पुढे दुसऱ्याचं सर्टिफिकेट लावलं.

नोंदणीच्या अर्जाला दहावी-बारावीच्या मार्कलिस्ट, सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, ट्रेनिंगचं प्रमाणपत्र, रहिवासाचा पुरावा लागतो. माझ्या दहावीच्या मार्कलिस्टवर वडिलांच्या नावात एक एच जास्त आहे. आधार कार्डावर नाही. तेवढ्या एका अक्षरासाठी मला प्रतिज्ञापत्र करावं लागलं आणि मुंबईच्या तीन फेऱ्या झाल्या. चूक माझीच, फॉर्म मीच भरला होता. प्रवेशाला अजून वेळ असेल तर आज संध्याकाळी एवढं करा: दहावीची मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवा, आणि नावाचं स्पेलिंग अक्षर-अक्षर लावून बघा.